दाढदुखी आणि एकमत

विधेयकावर मतदान व्हायचं त्याच दिवशी सकाळी आरोग्यमंत्र्यांची दाढ ठणकायला लागली. आरशात पाहिलं तर उजवा गाल टम्म फुगलेला. बायको म्हणाली, "अहो, आता हट्ट पुरे. ताईंच्या मिस्टरांकडे जाऊन या."

ताईंचे मिस्टर म्हणजे मंत्र्यांचे साडू. शहरातले नावाजलेले दंतवैद्य. अडचण एवढीच, की खासगी डॉक्टरांच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते आणि या विधेयकाच्या मागे हात धुऊन लागले होते. विधेयक तसं एका ओळीचं होतं. आजारी माणूस दारात आला की आधी उपचार करायचे, बाकीची चौकशी नंतर. कुठल्याही दवाखान्याने कुणालाही परत पाठवायचं नाही. मंत्र्यांच्या वडिलांना एका रात्री तीन दवाखान्यांनी परत पाठवलं होतं आणि चौथ्याच्या पायरीवर ते गेले. या एका ओळीसाठीच मंत्री राजकारणात आले होते. यापूर्वी दोनदा विधेयक आणून ते तोंडावर आपटले होते.

"या साडूभाऊ, उघडा तोंड," साडू म्हणाले. "मोठं उघडा. भाषणाला उघडता तसं."

सुई टोचली गेली. जीभ, गाल, ओठ सगळं लाकूड झालं. मग साडूंनी चिमटा हातात घेतला आणि विषय काढला.

"आमचे खासगी दवाखाने तेवढे कायद्यातून वगळा हो. चालेल ना?"

मंत्र्यांनी डोळे वटारले. साडूंना वाटलं, दुखतंय.

"झालंच, झालंच. मग नाही म्हणत नाही ना तुम्ही? छान! उगाच आम्ही तुम्हाला अडेलतट्टू समजत होतो."

दाढ निघाली. जागेवर कापसाचा बोळा बसला. "टाका घातलाय," साडूंनी बजावलं, "संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही." आणि मंत्री जिना उतरेपर्यंत त्यांनी अर्थमंत्र्यांना फोन करून टाकला.

गाडीत बसतात न बसतात तोच अर्थमंत्र्यांचा फोन आला. स्वीय सहायकाने तो मंत्र्यांच्या कानाला लावला.

"काय म्हणताय! साडूंचं ऐकलंत म्हणे? मग माझंही ऐका. सरकारी दवाखान्यांना हे झेपायचं नाही, तिजोरीत खडखडाट आहे. त्यांनाही वगळू. ऐकताय ना?"

मंत्र्यांनी घाईघाईने कागदावर भलंमोठं 'नाही' लिहिलं आणि सहायकापुढे नाचवलं. सहायक गडबडून फोनवर म्हणाला, "साहेब, आमचे साहेब काही बोलत नाहीयेत."

"हा माणूस गप्प बसलाय?" अर्थमंत्र्यांना गहिवरून आलं. "म्हणजे पटलं! माझे आभार सांगा त्यांना."

मागोमाग मित्रपक्षाच्या अध्यक्षा आक्का. त्यांच्या पक्षाचे निम्मे लोक विश्वस्त मंडळांवर होते. "सगळ्यांचं ऐकलंत, मग आमच्या धर्मादाय दवाखान्यांनीच काय घोडं मारलंय?" सभागृहाच्या दारात विरोधी पक्षनेत्यांनी गाठलं. ते कामगारांचे पुढारी. त्यांना कारखान्यांचे दवाखाने बाहेर हवे होते. मंत्र्यांनी नकारार्थी जोरजोरात मान हलवली तशी कळ डोक्यात गेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. विरोधी पक्षनेते विरघळले. "अहो, रडता काय! आमचा पाठिंबा आहे म्हटलं ना!"

सभागृहात एकेक दुरुस्ती वाचली जाऊ लागली. मंत्र्यांनी अध्यक्षांकडे चिठ्ठी पाठवली. अध्यक्षांनी चष्मा सावरला. "माननीय मंत्र्यांची चिठ्ठी आली आहे. पण हरकत तोंडीच घ्यावी लागते, असा नियम आहे. मंत्र्यांना काही बोलायचं आहे का?"

मंत्री उभे राहिले. "म्म्म," एवढंच बाहेर पडलं.

"भावना अनावर झाल्या आहेत," अध्यक्ष म्हणाले. सभागृहाने बाकं वाजवली. विधेयक एकमताने मंजूर झालं. ज्यांनी दोनदा ते पाडलं होतं, त्यांनीच मंत्र्यांना हार घातले. आयुष्याचं स्वप्न पुरं झालं होतं आणि त्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. त्या रात्री मंत्री न जेवता झोपले. दाढेचं तर निमित्तच होतं.

सकाळी सहायक धापा टाकत आला. "साहेब, सभागृहाबाहेर लोकांची रांग लागलीय! फाटकापासून पार चौकापर्यंत!"

"मोर्चा?" मंत्र्यांना आता बोलता येत होतं.

"नाही साहेब, पेशंट!"

झालं होतं असं, की खासगी वगळले, सरकारी वगळले, धर्मादाय वगळले, कारखान्यांचेही वगळले. पण सभागृहाच्या आवारात सदस्यांसाठी एक छोटा दवाखाना होता, तो यांपैकी कशातच बसत नव्हता. तो वगळायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अख्ख्या देशात कायदा लागू झाला होता तो त्या एका दारावर.

मंत्री पोचले तेव्हा आत डॉक्टरांची नुसती धांदल उडाली होती. आजवर भाषणानंतरचा रक्तदाब मोजण्यापलीकडे त्यांना काम नव्हतं. आज ते बाह्या सरसावून एका गवंड्याचा पाय बांधत होते आणि भलतेच खुशीत होते. रांगेत शिंपी होते, बसचे ड्रायव्हर होते, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या. मधेच अर्थमंत्री खोकत उभे होते.

"आजी, मला जरा पुढे जाऊ द्या. मी अर्थमंत्री आहे."

"असशील रे बाबा," आजी म्हणाल्या. "खोकला बरा होईल तुझा. उभा राहा मागे."

मंत्र्यांना पाहताच अर्थमंत्री, आक्का आणि विरोधी पक्षनेते, तिघेही त्यांच्यावर तुटून पडले. "हे निस्तरा आधी! आजच दुरुस्ती आणा. आम्ही सगळे एक आहोत!"

"आणा की," मंत्री म्हणाले. "फक्त एकमताने झालेला कायदा एकमतानेच बदलता येतो, असाही आपल्या सभागृहाचा नियम आहे."

"मग अडलंय कुठे? विरोध आहे कुणाचा?"

"माझा," मंत्री खणखणीत आवाजात म्हणाले, आणि आजींचा हात धरून त्यांना पायरी चढवू लागले.