अपघात निरंक

अपघात दोन प्रकारचे असतात: झालेले आणि नोंदवलेले. झालेला अपघात दोन मिनिटांत आटोपतो. माणूस अंग झटकून उठतो आणि कामाला लागतो. नोंदवलेला अपघात मात्र नोंदवणाऱ्याच्या सेवानिवृत्तीपर्यंत चालतो (आणि कागद नीट शिवलेले असतील तर त्यानंतरही). म्हणूनच आपल्याकडे झालेले अपघात भरपूर आणि नोंदवलेले माफक असतात, आणि ती माफक संख्या पाहून वर बसलेल्यांना वाटतं की रस्ते सुधारले. त्यांच्या या समाधानाला ज्या साध्या नागरिकांचा हातभार लागला, त्यांत भिंगारच्या रंगनाथरावांचं नाव पहिल्या ओळीत घ्यायला हवं.

रंगनाथराव नगरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. (कोणत्या ते सांगत नाही, आतून सगळ्या सारख्याच दिसतात.) सात वर्षं टेंपररी. टेंपररी कारकून कायम कारकुनाइतकंच काम करतो, फक्त भीत भीत करतो. त्यांच्या पत्नीच्या, चांगुणाबाईंच्या, माहेरी त्यांना सात वर्षं 'टेंपररी जावई' म्हणत आणि ताटाखाली पाट द्यायचं विसरत. एकाहत्तर सालच्या जानेवारीत साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि सांगितलं, "रंगनाथराव, तुमचा कायम करण्याचा प्रस्ताव वर गेलाय. पोलिसांकडून चौकशी होईल, एक फॉर्म भरून द्यावा लागेल. तोवर जपून राहा." रंगनाथराव आधीपासून जपूनच राहत. त्या दिवसापासून ते जिना चढतानासुद्धा कठडा धरू लागले.

अशा नाजूक दिवसांत एका मंगळवारी सकाळी साडेनऊला ते सायकलवरून कचेरीला निघाले होते. समोरून मिशनच्या शाळेतले शलमोन गुरुजी सायकलवरून येत होते. मधून बनुबाई नावाची भाजीवाली डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. दोघांनीही तिला वाचवायला हँडल वळवलं, आणि दैवयोगानं एकाच बाजूला वळवलं. मग दोन सायकली, दोन इसम, एक जेवणाचा डबा आणि चौथीच्या वह्यांचा गठ्ठा, असं सगळं मिळून बनुबाईच्या अंगावर पडलं. (तिचं पुढं येईलच.)

रंगनाथरावांनी उठल्याबरोबर खिशातून कागद काढला आणि कचेरीच्या सवयीनं हानीचा तपशील जागच्या जागी उतरवून घेतला. पुढचा मडगार्ड, वाकला. घंटीची टोपी, गटारात. पँटचा उजवा गुडघा, फाटला (आतला शाबूत). गुरुजींच्या चाकाच्या तारा, दोन. वह्या एकोणचाळीस, पैकी मेथीच्या भाजीने हिरव्या झालेल्या सहा. वांगी अंदाजे पंचवीस, पैकी जाणाऱ्या म्हशीने खाल्लेली चार. खाली सही केली, तारीख घातली आणि कागदाची घडी करून तो परत खिशात ठेवला. असा कागद लिहून झाला की माणसाला निम्मं बरं वाटतं.

"तुमची चूक नाही, गुरुजी," रंगनाथराव म्हणाले.

"तुमचीही नाही," गुरुजी म्हणाले. गुरुजींची सायकल मिशनची होती आणि तिच्या दोन तारांचा जबाब त्यांना वरिष्ठांना इंग्रजीतून द्यावा लागणार होता. त्यामुळे तेही समजुतीच्या मनःस्थितीत होते.

चूक दोघांचीही नसल्यामुळे दोघांनी बनुबाईकडे पाहिलं. ती रस्त्याच्या कडेला मनगट धरून बसली होती. (भाजीवाल्या दमल्या की बसतात.)

पोलीस चौकी तिथून पन्नास पावलांवर होती. जायचं का, असा प्रश्न निघाला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं वाडवडील सांगून गेले आहेत, आणि चौकी ही कोर्टाची पहिलीच पायरी, हे रंगनाथरावांनी सोदाहरण पटवून दिलं. कुणीच जायचं नाही असं ठरलं. दोघांनी एकमेकांना शब्द दिला, हात मिळवले, वांगी पाटीत भरून दिली (माणुसकी म्हणून) आणि आपापल्या कामावर गेले.

संध्याकाळी चांगुणाबाईंनी पँटचा गुडघा शिवता शिवता सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलल्या.

"तुम्ही शब्द पाळाल हो, पण त्यांनी जाऊन आधी सांगितलं तर?"

रंगनाथरावांच्या हातातला घास हातातच राहिला. कारण कायद्याचा एक मोठा नियम, जो कुठल्याही पुस्तकात नाही पण नगर जिल्ह्यात कुणाला शिकवावा लागत नाही, तो असा: चौकीत जो आधी जातो तो फिर्यादी, जो मागून जातो तो आरोपी. दोघांत फरक काय तो चालण्याचा. त्या रात्री रंगनाथरावांनी प्रकरणाची टिपणी मनातल्या मनात तयार केली. आपण गेलो, तर नोंद होते आणि फॉर्मच्या चौदाव्या रकान्यात ती लिहावी लागते. आपण न जाता गुरुजी गेले, तर नोंद होतेच, शिवाय आरोपी म्हणून होते. दोघंही गेलो नाही तर उत्तम. पण गुरुजी गेले नाहीत हे कळणार कसं? सबब, गुरुजी जात नाहीत यावर लक्ष ठेवणं हा एकमेव मार्ग शिल्लक राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते चौकीसमोरच्या हॉटेलात पोचले. शलमोन गुरुजी आधीच तिथं बसले होते आणि त्यांचा चहा निम्मा झाला होता. (त्यांच्याही पत्नीनं, लिडियाबाईंनी, आदल्या संध्याकाळी एकच वाक्य उच्चारलं होतं.) दोघं एकमेकांकडे पाहून हसले. "सहज आलो होतो," रंगनाथराव म्हणाले. "मीही सहजच," गुरुजी म्हणाले.

त्यानंतर दोघं रोज सहज येऊ लागले. सकाळी सात ते साडेनऊ, संध्याकाळी साडेपाच ते आठ. मधला वेळ दोघं नोकरीत असत, आणि नोकरीच्या वेळात माणूस उठून काही करत नाही याची दोघांना अनुभवानं खात्री होती. एक जण उठला की दुसरा उठे. एकानं चप्पल घातली की दुसरा चप्पल शोधू लागे. एकदा गुरुजी चौकीच्या दिशेनं बारा पावलं गेले तेव्हा रंगनाथराव हातातला गरम चहा घेऊन त्यांच्या मागं धावले. गुरुजी पलीकडच्या भिंतीआड लघवीला निघाले होते. दोन महिन्यांत रंगनाथरावांनी दोनशेच्या वर चहा घेतले आणि त्यांना आम्लपित्ताचा कायमचा त्रास जडला. (कायम होण्याच्या बाबतीत पित्तानं त्यांच्यावर अशी आघाडी मारली.) पण एवढ्या सहवासानं दोघांचा स्नेहही जमला. गुरुजींनी त्यांना नाताळातला उरलेला केक आणून दिला, त्यांनी गुरुजींना तिळगूळ दिला. विश्वास सोडून दोघांमध्ये सगळं होतं.

नुसतं बसून राहिलं तर लोक संशय घेतात, म्हणून रंगनाथराव रोज हॉटेलच्या पायरीशी बसणाऱ्या बनुबाईकडून अर्धा किलो वांगी घेत. इथं एक सामाजिक प्रश्न उपस्थित झाला. बनुबाई तागडी डाव्या हातानं उचलायची. तागडी थरथरायची, पारडं कलायचं आणि काटा स्थिर व्हायच्या आत ती वांगी पिशवीत ओतायची. चांगुणाबाईंनी शेजारच्या दुकानात वांगी परत जोखली, तर शंभर ग्रॅम कमी भरली.

"बाई, तागडी नीट धर की," रंगनाथराव दुसऱ्या दिवशी म्हणाले. "उजव्या हातात धर. साधी गोष्ट आहे."

"धरते की सायेब, जमंल तशी," बनुबाई म्हणाली आणि त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसली.

त्या हसण्यानं रंगनाथराव चिडले. लबाडी करायची आणि वर हसायचं, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. सामान्य माणसानं गप्प बसायचं तरी किती? देश अशानंच मागं राहतो, असं ते गुरुजींना म्हणाले, आणि गुरुजींनी मान डोलावली. त्याच संध्याकाळी हॉटेलच्या टेबलावर त्यांनी वजनमापांच्या निरीक्षकांना सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, वहीच्या कागदावर, जो गुरुजींनी पुरवला. नोंदवावं की नोंदवू नये, याचा विचार करायला या प्रकरणात त्यांना कागद सुटा करण्याइतकाच वेळ लागला. आठवड्याभरात निरीक्षक आले आणि तागडी घेऊन गेले. तेव्हापासून बनुबाई वांग्यांचे वाटे लावून विकू लागली. वाटे फार लहान असतात, अशी चांगुणाबाईंची तक्रार होती. पण तिच्यासाठी कायद्यात तरतूद नसल्यामुळे रंगनाथरावांनी ती दप्तरी दाखल केली.

इकडे चौकीचे हवालदार गहिनीनाथ हे दोन महिने हा प्रकार खिडकीतून पाहत होते. दोन इसम, दोन्ही वेळा, चौकीकडे टक लावून. प्रथम त्यांना वाटलं की हे वरून पाठवलेले आहेत, आणि त्या धास्तीनं ते वेळेवर कामावर येऊ लागले. एकदा त्यांनी बाहेर येऊन विचारलंही.

"काय तक्रार हाय का तुमची?"

"नाही नाही," दोघं एका सुरात म्हणाले. "चहाला आलोय."

मार्चमध्ये रंगनाथरावांच्या वर्तनाच्या चौकशीचा कागद याच गहिनीनाथांच्या टेबलावर आला. पोलीस चौकशीत सहसा ज्याची चौकशी करायची तो इसम हवालदारांनी पाहिलेला नसतो. इथं दोन महिन्यांचा रोजचा पुरावा समोर होता. हवालदारांनी मनापासून लिहिलं: "सदर इसमास मी स्वतः रोज पाच तास पाहतो. वर्तन अत्यंत शांत. चहाव्यतिरिक्त व्यसन नाही. गुन्हा निरंक." जिल्ह्यात इतका खात्रीलायक दाखला त्याआधी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

रंगनाथरावांनी आपला फॉर्मही भरला. चौदावा रकाना असा होता: "आपल्या हातून घडलेल्या अपघातात कोणास इजा झाली असल्यास तपशील." त्यांनी खिशातला तो जुना कागद काढला आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मडगार्ड, घंटी, पँट, तारा, वह्या, वांगी. इजा झाल्याची नोंद कुठंही नव्हती. त्यांनी लिहिलं: निरंक. खोटं लिहिणाऱ्यांतले ते नव्हते.

एप्रिलमध्ये हुकूम आला. रंगनाथराव कायम झाले. संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन ते हॉटेलात आले. गुरुजींना पेढा दिला, गहिनीनाथांना दोन दिले, आणि आनंदाच्या भरात पायरीशी बसलेल्या बनुबाईसमोरही एक धरला. तिनं डावा हात पुढं केला.

रंगनाथरावांना ते बरं वाटलं नाही. "अगं, देवापुढं ठेवून आणलाय," ते म्हणाले. "उजव्या हातानं घ्यावा. एवढी रीत तरी?"

"उजवा वर येत न्हाई, सायेब."

"कधीपासून?"

"तुमच्या दोगांच्या सायकली अंगावर पडल्या तवापास्नं. मनगटात जीवच न्हाई. म्हनून तर तागडी डाव्या हातानं धरत हुते. आता ती बी न्हेली."

रंगनाथरावांचा हात तसाच पुढं राहिला. "मग सांगायचं नाहीस का?" ते कसेबसे म्हणाले.

"काय सांगायचं? तुमी रोज दोन टायमाला चौकीम्होरं येऊन बसायचा. म्या म्हनलं, बिचारे माज्यासाठीच बसत्यात. भिडस्त हायती. आज न्हाई उद्या जाऊन सांगतील." आणि तिनं डाव्या हातानं पेढा घेतला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधला.

रंगनाथरावांना लाज वाटली. चांगली, खरीखुरी लाज. गुरुजी तपासायला आणलेल्या वह्यांकडे बघू लागले. चौकी समोरच होती, दार उघडं होतं आणि गहिनीनाथ दारात पेढा चघळत उभे होते. रंगनाथरावांनी खिशातून तो कागद काढला, पेन काढलं आणि वांग्यांच्या ओळीखाली टेकवलं. मग त्यांचं लक्ष खालच्या सहीकडे आणि तारखेकडे गेलं. सही होऊन तारीख पडलेल्या कागदात मागाहून भर घालता येत नाही. तसं केलं तर ती खाडाखोड होते आणि कायम कर्मचाऱ्यासाठी तिची शिक्षा टेंपररीपेक्षा कडक आहे. त्यांनी पेनाला टोपण लावलं. बनुबाईकडून वांग्यांचे दोन वाटे जास्त घेतले आणि घरी गेले.

त्या वर्षीच्या तक्त्यात भिंगारच्या त्या रस्त्यावर झालेले अपघात: निरंक. रस्ता सुधारला म्हणून वर समाधान व्यक्त झालं.

आता एकच काम राहिलं. बनुबाईचं पुढं येईलच, असं अगदी सुरुवातीला, सायकली तिच्या अंगावर असतानाच सांगितलं होतं. त्यानंतर मडगार्ड झाला, पित्त झालं, केक झाला, तागडीसुद्धा झाली. मधेच थांबून, "अहो, त्या बाईला लागलं का?" असं ज्या वाचकांनी विचारलं असेल, त्यांची नावं लिहून घेण्यासाठी शेवटी एक रकाना राखून ठेवला होता. तो आत्ताच तपासला.

निरंक.