निळ्या दादाची उचलबांगडी

चहा गार व्हायच्या आत मासा पकडून टाकतो, असं नियोजनरावांनी रविवारी सकाळी जाहीर केलं आणि कप टीपॉयवर ठेवला. घरात कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. (घरात बायको एकटीच होती.)

नियोजनराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत ते नियोजन खात्याचे प्रमुख होते. कुठलंही काम ते स्वतः करत नसत; ते कसं करायला हवं होतं, हे मात्र काम बिघडल्यावर फार सुरेख समजावून सांगत. म्हणून ऑफिसनं त्यांच्यामागे हे नाव ठेवलं होतं. बायकोनं ते तोंडावर वापरायला सुरुवात केली, एवढाच फरक.

हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी ही त्यांचीच हौस. गोड्या पाण्यात काय, कुणीही मासे पाळतं, असं त्यांचं मत. पाण्यात मीठ मोजून कालवणं, काचा पुसणं, फिल्टर धुणं ही किरकोळ कामं बायकोकडे; टाकीपुढे उभं राहून पाहुण्यांना माहिती देणं हे जोखमीचं काम यांच्याकडे. तो बोटभर निळा मासाही यांनीच आणलेला. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, हा जरा तापट आहे."

"अहो, मी माणसं सांभाळतो," साहेब हसले होते. "मासा काय घेऊन बसलात!"

पहिल्याच दिवशी त्या बोटभर माशानं टाकीचा ताबा घेतला. बायको त्याला 'दादा' म्हणू लागली. दादा सगळ्यांच्याच अंगावर धावून जाई, पण त्याचा खास राग पिवळीवर. पिवळी म्हणजे बायकोची लाडकी मासोळी, तिच्या हातून खाणारी. आता तिच्या परांच्या चिंध्या झाल्या होत्या. फिल्टरच्या मागे अंग चोरून पडून असायची, खाण्याला तोंड लावत नव्हती.

"पिवळीला काही झालं," बायकोनं शांतपणे सांगितलं, "तर या टाकीत माती भरून मिरच्या लावीन मी."

दुकानदार दादाला परत घ्यायला तयार होता. फक्त पकडून न्यायचा होता.

नियोजनरावांनी बाह्या सारल्या आणि जाळी पाण्यात घातली. दादानं जाळीला एक प्रदक्षिणा घातली, माल पसंत नसल्यासारखं तोंड केलं आणि दगडांच्या ढिगात शिरला. जाळी बाहेर आली की हा बाहेर. जाळी आत गेली की हा आत. शेवटी नियोजनरावांनी नुसताच हात घातला.

"आई गं! चावला!"

"रक्त आलं?"

"नाही. पण उद्देश तोच होता त्याचा."

मग मेहुण्याला फोन गेला. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, विमा एजंट होता. त्यामुळे दुसऱ्याच्या संकटात तो नेहमीच उत्साही असे.

"भावोजी, सोपं आहे," तो आल्या आल्या म्हणाला. "भुकेला सगळे बळी पडतात." त्यानं प्लास्टिकच्या बाटलीचा गळा कापला, उलटा बसवला, आत खाणं टाकलं आणि बाटली टाकीत सोडली. सापळा अप्रतिम चालला. एकामागून एक सगळे मासे आत गेले. दादा बाहेरून पाहत होता, रांग नीट लागतेय की नाही ते.

"वा!" बायको म्हणाली. "निरपराध सगळे आत आणि गुंड तेवढा बाहेर. तुमच्या ऑफिसातही असंच चालतं का हो?"

तिनं ते मासे टबात हलवले आणि फिल्टरमागून पिवळीलाही मगानं अलगद उचलून त्यांच्यात सोडलं.

"आता दगडच काढू!" नियोजनरावांनी सुधारित योजना मांडली. "लपेल कुठे? पाणीही उपसू."

"आधी हीटर बंद करा."

"यातलं तुला काय कळतंय?"

एकेक दगड टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत गेला. पाणी उतरत गेलं. तापलेला हीटर उघडा पडला आणि 'फट्ट' असा आवाज होऊन फुटला. घरातली वीज गेली. मेहुण्यानं हातातल्या ओल्या दगडासकट सोफ्यावर उडी घेतली. (सोफा नवीन होता.) बायकोनं प्लग काढला, मेन स्विच वर केला आणि फरशी पुसायला फडकं आणलं.

आता टाकीत वीतभर पाणी आणि एकच भला थोरला दगड उरला होता. तो तळाला चिकटवलेला, त्याला भोकंच भोकं.

"यातच आहे," नियोजनराव कुजबुजले.

"असणारच, भावोजी. जाणार कुठे?"

दोघं टाकीच्या दोन बाजूंना जाळ्या सरसावून, श्वास रोखून बसले.

बायको दगडांची बादली बाल्कनीत घेऊन गेली. बादली खाली ठेवताना तिला एका दगडाच्या भोकात निळं तोंड दिसलं. दादा तिच्याकडे पाहत होता, जाब विचारल्यासारखा. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तो दगड तिनं तसाच पाण्यासकट झाकणाच्या डब्यात घातला आणि चपला सरकवल्या.

"जरा जाऊन येते."

"श्श!" दोघं एकदम म्हणाले.

ती परतली तेव्हा दुपार कलली होती. आधी ती टबापाशी गेली. पाण्यात हात घातला तशी पिवळी भीत भीत वर आली आणि तिच्या बोटांतून खाऊ लागली. बायकोनं डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि मग हॉलमध्ये आली.

"अहो, उठा. दादाला दुकानात देऊन आले. बादलीतल्या दगडात होता."

नियोजनरावांची जाळी खाली आली. "मग सांगितलं का नाहीस मला?"

"कसं सांगणार? लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही इतका वेळ गप्प बसला होतात."

मेहुण्यानं हळूच जाळी सोफ्याखाली सरकवली. नियोजनराव मात्र एकाएकी पुन्हा टाकीवर वाकले.

"काहीतरीच! तो इथेच आहे. हा बघ, आत्ता हलला! केवढा सुजलाय!"

बायकोनं वाकून पाहिलं. काचेत त्यांचं स्वतःचंच नाक हलत होतं.