बाकाची राखण

दुकानासमोरच्या बसथांब्यावर एक बाक असावा, एवढीच शिंप्याची मागणी होती. त्याची आई दर मंगळवारी गुडघ्यांच्या उपचारासाठी दवाखान्यात जायची आणि बस येईपर्यंत खांबाला धरून तासभर उभी राहायची. शिंप्याने दुकानातलं स्टूल तिथे ठेवून पाहिलं. पालिकेने ते अतिक्रमण म्हणून उचलून नेलं, वर दंड ठोठावला. दंड भरून झाल्यावर त्याने रीतसर अर्ज दिला.

पाहणीचा साहेब भर दुपारी आला. थांब्यावर काही माणसं उभी होती, काही जमिनीवर फतकल मारून बसली होती. साहेबाने नोंद केली : 'जे उभे आहेत, त्यांना उभे राहता येते. जे बसले आहेत, त्यांची बसण्याची सोय आहे. सबब बाकाची निकड आढळत नाही.'

पण शिंपी चिवट होता. सहा महिने त्याने हेलपाटे घातले. मग निवडणूक तोंडावर आली आणि बाक मंजूर झाला. पाठोपाठ घरपट्टीत 'आसन सुविधा कर' आला. बाक एकच, कर मात्र सगळ्या शहराला. ठेका सभापतींच्या मेव्हण्याला मिळाला, तोही निव्वळ गुणवत्तेवर. निविदा भरणाऱ्यांत तो पहिला होता आणि शेवटचाही.

सभापती बाकावर बसले, फोटो निघाला, सभापती उठले. बाकाची किंमत ऐकून आईने कपाळाला हात लावला. "एवढ्यात तर आपलं घर उभं राहिलं होतं रे!"

पुढच्या मंगळवारी ती थांब्यावर गेली, तर बाकाभोवती दोरी आणि शेजारी खुर्चीत रखवालदार.

"बसायचं नाही आजी."

"मग हा ठेवलाय कशाला?"

"ते मला नाही ठाऊक. माझं काम राखायचं."

शिंपी तडक पालिकेत गेला. अधिकाऱ्याने त्याला शांतपणे समजावलं, "बाक जनतेच्या पैशांतून आलाय. लोक बसले की तो झिजणार. जनतेचा पैसा असा झिजू द्यायचा?"

"आणि रखवालदाराला खुर्ची?"

"तो बिचारा दिवसभर उभा राहील का? काही माणुसकी आहे की नाही तुम्हाला? त्या खुर्चीसाठी पुढच्या महिन्यापासून 'आसन संरक्षण कर' लागू होतोय. वेळेवर भरा."

शिंप्याचं टाळकं फिरलं. त्याने सह्यांची मोहीम काढली. पहिली सही गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी केली, तीही वळणदार अक्षरात. "हक्काची गोष्ट हक्कानेच मागायची," ते म्हणाले. संधिवाताने त्यांचाही पाय धरलेला होता. बघता बघता दोनशे सह्या झाल्या.

कागद घेऊन शिंपी निघाला, तेवढ्यात रखवालदाराने हाक मारली. "काका, कशाला पायपीट करता? हा गणवेश बघा, पँट नुसती ढगळ. दोन पँटी नीट बेताच्या शिवून द्या. दर मंगळवारी माझं लक्ष दुसरीकडे असेल."

शिंपी थबकला. लाच म्हणजे पैसे. ही तर शिलाई होती, आणि तीही आईसाठी. त्याने तिथेच खिशातून टेप काढून कमरेचं माप घेतलं.

मंगळवारी आई बाकावर बसली. "किती दिवसांनी पाठ टेकली रे," ती म्हणाली, आणि शिंप्याचा ऊर भरून आला. सह्यांचे कागद गल्ल्यात गुंड्यांच्या डब्याखाली गेले.

इतक्यात काठी टेकत गुरुजी आले. "काय हो, आपल्या सह्यांचं काय झालं?"

"कार्यवाही चालू आहे, गुरुजी."

आई बाजूला सरकली. "या ना, बसा. भरपूर जागा आहे."

शिंपी तिच्या कानाशी वाकला. "आई, अगं असं कुणालाही बसवायला लागलो, तर शिस्त कशी राहायची?"

ते गुरुजींनी ऐकलं. क्षणभर ते बाकाकडे, मग आपल्या पायाकडे पाहत उभे राहिले. शेवटी रखवालदाराजवळ गेले, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "तुमच्या मुलांचं गणित कसं आहे हो?"

"अगदीच कच्चं," रखवालदार म्हणाला आणि त्याने अदबीने दोरी उचलून धरली. गुरुजी आत जाऊन बसले.

मग तो थांब्यावर बससाठी उभ्या असलेल्या बाकीच्या रांगेकडे वळला.

"हं, आणि तुम्हाला काय येतं?"