पापणी रंगनिवड उपसमिती

उज्वलाबाई गायधनी यांचा उजवा हात थरथरू लागला. बाब तशी किरकोळ होती. चहा बशीत सांडायचा, सुईत दोरा जायचा नाही, आणि हे सारं वयोमानानुसार असल्याचा निर्वाळा डॉक्टरांनी दिलेला होता. त्याबद्दल उज्वलाबाईंची तक्रार नव्हती. तक्रार एकच होती. सकाळी डोळ्यांत काजळ घालताना रेघ भलतीकडेच जायची.

काजळ त्या लग्नाच्या आधीपासून घालत होत्या. नाशिक रोडच्या छापखान्यात, तपासणी विभागात, त्यांनी नोकरी केली. रंग रेघेबाहेर गेला की नाही हे पाहण्याचा पगार घेतला आणि निवृत्त झाल्या. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा जमलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी असं एकेक उतरवून घेतलं. काजळ त्या रीतीत बसत नव्हतं म्हणून राहून गेलं. आरशातली बाई आपणच आहोत हे ओळखायला तेवढीच एक खूण उरली होती, आणि आता हात तिलाही राहू देईना.

म्हणून त्या कॉलेज रोडवरच्या ‘नयनश्री’त गेल्या. तिथे पापणीच्या कडेला सुईने रंग भरून देतात आणि तो काही वर्षं टिकतो. गोंदणच ते. बाजारात बसून गोंदलं की अडाणीपणा, एसीत झोपवून गोंदलं की कला, एवढाच काय तो फरक. तिथल्या तेजल नावाच्या मुलीने, जिच्या कोटावर ‘सीनियर आर्टिस्ट’ असं लिहिलेलं होतं, उज्वलाबाईंसमोर रंगांचं कार्ड उलगडलं.

“काळा,” उज्वलाबाई कार्डाकडे न बघता म्हणाल्या. “काजळ असतं तसा.”

“काकू, तुमचे डोळे मॅच्युअर आहेत ना. मॅच्युअर डोळ्यांवर काळा हार्श दिसतो. मोका बघा, कॉफीसारखा तपकिरी. नाहीतर चारकोल, कोळशासारखा राखाडी.”

“डोळे मॅच्युअर म्हणजे काय झालंय त्यांना?”

“पापणी खाली आलीये.”

“मग तसं सांग की, बाई. मला काळाच हवा.”

तेजलने मान डोलावली आणि नियम सांगितला. वय पंचावन्नच्या पुढे असेल तर घरच्यांची संमती लागते, आणि संमतीत रंगाचा उल्लेख लागतो.

“माझ्या सहीवर माझी पेन्शन येते,” उज्वलाबाई म्हणाल्या.

“पेन्शन वेगळी, काकू. पापणी वेगळी.”

आता घरचे म्हणजे मुलगा महेश आणि सून आरोही. महेश सातपूरच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागाचा मॅनेजर होता, म्हणजे माणसांना ‘नाही’ म्हणण्याचा त्याला रोजचा सराव होता, आणि तो ‘नाही’ कधीच म्हणत नसे.

“आई, आमचं काहीही म्हणणं नाही,” तो म्हणाला. “आपण पुढारलेली माणसं. लोक काय म्हणतील हा प्रश्नच नाही. फक्त लोक काही म्हणालेच, तर त्यावर आपण काय म्हणायचं, एवढं आधी ठरलेलं बरं.”

“मी काळा म्हणते आहे.”

“हो, हो. तुमचं मत आलंच आहे, आई,” आरोही म्हणाली. “मी फक्त जरा ग्रुपवर विचारते.”

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत झाली. हा ग्रुप होता त्यांच्या नाशिक रोडच्या श्रीफल सोसायटीतल्या महिला मंडळाचा, आणि हे मंडळ साधंसुधं नव्हतं. अध्यक्ष वत्सलाबाई आहेर यांच्या नेतृत्वाखाली मंडळाने मागच्याच महिन्यात क्रांतिकारक ठराव केला होता. ‘विधवा’ हा शब्द सोसायटीच्या आवारात बंद. यापुढे अशा भगिनींना ‘स्वयंसिद्धा’ म्हणायचं, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांचा स्टेजवर सन्मान करायचा. पहिल्या स्वयंसिद्धा म्हणून उज्वलाबाईंचं नाव एकमताने ठरलं होतं. कार्यक्रमाला प्रायोजक होतं ‘नयनश्री’. हा योग जुळल्याचं वत्सलाबाईंच्या लगेच लक्षात आलं. ज्या पापण्या स्टेजवर जाणार, ज्यांचा फोटो पेपरात येणार, त्या पापण्यांचा रंग गायधनींच्या घरातला खासगी मामला कसा राहील?

पापणी रंगनिवड उपसमिती स्थापन झाली. एकूण खुर्च्या पाच. अध्यक्ष वत्सलाबाई. चांदवडकडून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गोटीराम निकम, कारण त्यांना पंचनाम्याचा अनुभव होता. रंगाच्या दुकानाचे मालक योगेश पगार, कारण विषय रंगाचा होता. बी विंगच्या शिक्षिका माजिदा शेख, कारण फोटोत सगळे असावेत. पाचवी खुर्ची स्वयंसिद्धा प्रतिनिधीसाठी राखीव ठेवली गेली. सोसायटीत स्वयंसिद्धा एकच. उज्वलाबाई त्या खुर्चीकडे निघाल्या तेव्हा गोटीरामांनी हात आडवा केला.

“बाई, तुम्ही नाय बसायचं हिथं. डोळे तुमचेच हायेत. म्हंजे तुम्ही हितसंबंधी पक्षकार. उद्या कोणी बोट दाखवलं तर सगळा निर्णयच रद्द व्हायचा.”

तेव्हा खुर्ची राखीव राहिली आणि रिकामीही राहिली. ज्यांचे डोळे होते, त्या उज्वलाबाई भिंतीकडेच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या. स्वयंसिद्धेला स्वतःचं काही सिद्ध करायची गरज पडू नये, याची एवढी चोख व्यवस्था क्वचितच पाहायला मिळते.

“आपण परंपरा मोडतो आहोत,” वत्सलाबाईंनी सुरुवात केली. “पण मोडताना ती मोडल्यासारखी दिसता कामा नये. काळा पहिल्यांदा घेऊ.”

काळा पहिल्या पाच मिनिटांत गेला. काजळ हे सौभाग्यलेणं नाही, असं घरची म्हणून हजर असलेल्या आरोहीने घाबरत सांगून पाहिलं. नसेल, वत्सलाबाई म्हणाल्या, पण सौभाग्याच्या शेजारी राहतं. हिरवा चुड्याचा म्हणून गेला. तांबूस छटेचे सगळे रंग कुंकवाच्या नात्यातले म्हणून एकदमच गेले. निळा आणि केशरी हे रंग महापालिकेची निवडणूक होईपर्यंत स्थगित ठेवण्यात आले. उरला तपकिरी. तिथे जरा आशा होती, पण गोटीरामांनी सल्लागार म्हणून बोलावलेल्या तेजलला अडवून विचारलं.

“हा रंग इटला, फिका पडला, तर कसा दिसतो?”

“काहींचा थोडा लालसर होतो, काका.”

“म्हंजे कुंकवाच्याच नात्यात गेला की. तीन-चार वर्सांनी लाल पडला तर जबाबदार कोण? मी तर नाय सही करायचा.”

चारकोल कार्डावर सुंदर दिसत होता. पण तो लावलेली बाई दुःखी वाटते, असं वत्सलाबाईंचं मत पडलं, आणि सन्मानाच्या कार्यक्रमात दुःख हा विषय ठेवलेला नव्हता.

माजिदाबाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, “एक विचारू का? उज्वलाताई इथेच बसल्यात. त्यांना काय हवंय ते विचारून घेऊ या ना.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सभ्य माणसांत कोणी ताटात हात धुतल्यावर घालतात तशा.

“विचारूनच ठरवायचं असतं, तर समिती कशाला नेमली असती?” वत्सलाबाई अतिशय प्रेमाने म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता. माजिदाबाईंना शाळेत पालकसभा होती. त्या ‘बहुमत होईल ते मान्य’ असं सांगून निघून गेल्या. चांगल्या माणसांना नेमक्या वेळी कुठे ना कुठे पालकसभा असतेच.

मग योगेश पगारांना सुचलं. योगेशरावांचा स्वभाव मोकळा आणि डोकं धंद्याचं.

“भिंतीला भेग पडली की आम्ही काय करतो? भिंतीच्याच रंगाचं भरतो. काम झालेलं असतं, आणि झालंय हे कोणाला कळत नाही. ह्यांच्या कातडीच्याच रंगाची रेघ काढा ना.”

तेजलचे डोळे चमकले. “सर, सध्याची फॅशन तीच आहे. केलंय हे कळूच नये. आमच्याकडे त्याला न्यूड शेड म्हणतात.”

“ह्या नावाने ठराव होणार नाही,” वत्सलाबाई म्हणाल्या, आणि इतिवृत्तात त्या रंगाची नोंद ‘गव्हाळ’ अशी झाली.

लक्षात घ्या, फॅशनवाल्यांना हवं होतं की केलेलं दिसू नये, आणि रीतवाल्यांना हवं होतं की काही दिसूच नये. एरवी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या या दोन सवती एका पापणीवर सुखाने नांदायला तयार झाल्या. कार्ड उज्वलाबाईंच्या गालाला लावून छटा जुळवण्यात आली आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

आता उज्वलाबाई ‘नाही’ का म्हणाल्या नाहीत, असं कोणी विचारेल. त्या म्हणाल्या होत्या. पण पार्किंगमध्ये तेजलने त्यांच्या कानात सांगितलं, “काकू, आत्ता हो म्हणून टाका. नंतर गुपचूप काळा मारून देते.” या एका वाक्यावर त्या बाईने सुया सोसल्या. पापण्या टम्म सुजल्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. आरोहीने ते पाणी टिपत असल्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आई भावुक’. सूज उतरल्यावर उज्वलाबाई काळ्या रंगासाठी गेल्या, तर तेजल ओशाळून म्हणाली की ह्या रंगावर काळा लगेच धरत नाही, पसरतो. वर्षभर थांबावं लागेल. आणि हो, संमती नव्याने लागेल.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. स्टेजच्या मागे ‘नयनश्री’ने दोन मोठे फोटो लावले होते, आधी आणि नंतर. दोन्ही फोटोंत उज्वलाबाई सारख्याच दिसत होत्या, अगदी तंतोतंत. नवऱ्याच्या आजारपणाने ओढलेला, काजळ नसलेला, कोणाचाही असू शकेल असा चेहरा.

“सांगा, काही केल्यासारखं वाटतंय का?” वत्सलाबाईंनी माइकवरून विचारलं.

“नाही!” बायका एका सुरात ओरडल्या आणि टाळ्या पडल्या. तिथल्या तिथे कितीतरी जणींनी तेजलकडे नावं नोंदवली. काही न केल्यासारखं दिसण्यासाठी एवढी झुंबड नाशिक रोडने पूर्वी पाहिली नव्हती.

मग पहिल्या स्वयंसिद्धेचं नाव पुकारलं गेलं आणि उज्वलाबाई स्टेजवर आल्या. टाळ्या मध्येच तुटल्या. त्यांच्या डोळ्यांत काजळ होतं. काळं, ठसठशीत आणि वाकडंतिकडं. उजव्या डोळ्याची रेघ कानाकडे निघाली होती आणि वाटेत विचार बदलून गालावर उतरली होती. सकाळभर त्या आरशासमोर बसल्या असणार, हे कोणालाही कळलं असतं.

“अहो, हे काय?” वत्सलाबाई माइक झाकून पुटपुटल्या. “पुसा आधी. फोटोवाला आलाय.”

उज्वलाबाईंनी माइक त्यांच्या हातातून घेतला. हात थरथरत होता, त्यामुळे माइकही.

“माझा हात थरथरतो,” त्या म्हणाल्या. “काजळ नीट लागत नाही. तेवढंच सांगायला मी त्या मुलीकडे गेले होते.”

एवढं बोलून त्या खाली येऊन बसल्या. सन्मानाची शाल तबकातच राहिली.

उपसमितीची तातडीची सभा दुसऱ्याच दिवशी झाली. वत्सलाबाईंपुढे पेच होता. काजळ पुसायला लावावं तर सन्मानाला बाधा, राहू द्यावं तर ठरावाला. गोटीरामांच्या मते हा अवमान नव्हता, पण बेशिस्त नक्की होती. योगेशरावांना केलेलं काम वाया गेल्याचं वाईट वाटलं. पालकसभा नसल्याने माजिदाबाई हजर होत्या आणि खाली बघत होत्या. महेश दाराशी उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होता की आमचं काहीही म्हणणं नाही, फक्त आईने निदान सरळ लावायचं होतं. विषय लांबला, निर्णय झाला नाही.

आणि हे वाचता वाचता तुम्हीही मनातल्या मनात एक रंग बाजूला काढून ठेवला असेलच. तपकिरी चालला असता. निदान चारकोल. काळाच हवा होता तर जरा बारीक रेघ, वयाला शोभेल अशी. यात संकोचण्यासारखं काही नाही. त्या बाईने पहिल्याच दिवशी, कार्डाकडे न बघता, काय मागितलं होतं, ते तुमच्या लक्षात आहे. समितीच्याही लक्षात होतं. पाचवी खुर्ची अजून रिकामी आहे. या, बसा.