शिडी लावून तोडायची भेंडी

साहेब, आमच्या गावचा पाण्याचा टँकर तुम्ही बंद केलात! दुसऱ्या कुणी नाही, तुम्हीच! आणि कारण काय दिलंत? तर माझ्या परसातली भेंडी उंच झाली! माणसाच्या घशाला कोरड पडली तर तुमच्या हापिसात पंखासुद्धा हलत नाही, पण भेंडी जरा वर गेली की लगेच जीप निघते!

तुमचं नाव मी लिहीत नाही. भितो म्हणून नव्हे! तुमची बदली झाली की त्या खुर्चीत येणाराही हेच करणार, म्हणून. खुर्चीलाच लिहितोय असं समजा.

तर वाचकहो, मी उत्तरेश्वर. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण किराण्याच्या पुड्या सोडून त्यांचे कागद वाचून झालं. गाव आमचं कडा गावाच्या अलीकडं, माळावर. त्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींत वाकून बघितलं तर आपला आवाज परत येई, पोहरा मात्र रिकामाच येई. टँकर यायचा, तेवढंच पाणी. अशा वेळी शहाणा माणूस गप बसतो. मी पारावर उभा राहून छाती ठोकून सांगितलं, "यंदा परसात अशी भेंडी करतो, की तोडायला शिडी लावावी लागंल!"

माझा शेजारी शहादेव नुकताच ऊसतोडीहून परतला होता. तो म्हणाला, "आन् पाणी कुठून आननार बे? शिडीवर चढून ढगातून?"

सगळा पार हसला. तिथंच माझं डोकं फिरलं! माणूस माझ्या भेंडीला हसला की मी काहीही करू शकतो.

बी होतं. आमच्या भिवरानं, म्हणजे बायकोनं, माजलगावहून, माहेरून आणलेलं. जुनी गावरान जात, वर वर जाणारी. राहिलं पाणी. आता आमच्याकडं दुष्काळात आंघोळ कशी करतात, ठाऊक आहे ना? सुतळीच्या बाजेवर माणूस बसतो, बाजेखाली परात. परातीत जमलेल्या पाण्यात कपडे, कपड्यांचं पाणी म्हशीच्या अंगावर. मी काय केलं? परात काढली आणि बाजेखाली वाकवलेला पत्रा लावला! पत्र्याचा उतार थेट भेंडीच्या सरीत! माणूस वर आंघोळ करतोय, खाली भेंडी पाणी पितेय! अशा युक्तीला परदेशात पुतळे उभारतात!

पण घरात माणसं दोन. दोन माणसांच्या आंघोळीवर भेंडी वाढणार किती? कोथिंबिरीएवढी! मग मी गल्लीत जाहीर केलं, ज्यानं त्यानं आपली बादली आणावी, माझ्या बाजेवर आंघोळ करावी आणि जाताना भाजीपुरती भेंडी न्यावी. अट एकच, साबण लावायचा नाही! डाळीचं पीठ लावा, माती लावा, काय वाट्टेल ते लावा!

भिवरा म्हणाली, "अवं, लोकं पाव्हण्याला च्या इचारत्यात, तुमी आंघोळ इचारता! माजा भाऊ आलता, त्यानं पायताण काडायच्या आत तुमी त्याचा सदरा काडला!"

"मग काय झालं? निर्मळ होऊन गेला की!"

आणि काय सांगू, भेंडी सुटली! गुडघा झाला, कंबर झाली, डोकं झालं! त्यातही ज्या सरीला शहादेवच्या आंघोळीचं पाणी जायचं, ती भेंडी तर पिसाटासारखी वाढली. आख्खा हंगाम उसाच्या फडात राबलेला माणूस, अंगावर काय काय साठलेलं! ते पाणी नव्हतंच, खत होतं! मी त्याला हात जोडून म्हणायचो, "शहादेव, दोन दिवस आंघोळ करू नको, थोडा मळ साठू दे!"

भेंडी भिंतीच्या वर गेली. मग घराच्या पत्र्याच्या वर गेली. खोडं मनगटाएवढी, पानं सुपाएवढी! रस्त्यानं एसटी गेली की मागच्या खिडक्यांतून मुंडकी बाहेर यायची. खरंच शिडी लावली मी! भिवरा वर चढून भेंडी तोडायची आणि मी खाली शिडी धरून सगळ्या गावाकडं बघायचो. शहादेव आता हसत नव्हता.

इथंच थांबलो असतो तर बरं होतं.

आमच्या भागात एक पाणीवापर सहकारी संस्था आहे. पाणी नाही, पण संस्था आहे! चेअरमन आहे, संचालक आहेत, शिक्का आहे, दारावर पाटी आहे. फक्त वापरायला पाणी नाही. तिचे चेअरमन मोहनराव. संस्थेची निवडणूक तोंडावर आली होती आणि दाखवायला काम नव्हतं. एक दिवस त्यांची पांढरी गाडी माझ्या दारात! सोबत पेपरवाला, फोटोवाला, हार, नारळ आणि फेटा!

"उत्तरेश्वरराव!" मोहनराव म्हणाले. मला 'राव' म्हणणारा जन्मातला पहिला माणूस! "तुमी तर तालुक्याचं नाव काडलं! या, फेटा बांधू द्या!"

बांधला फेटा. मोहनराव शिडीवर चढले, एक भेंडी हातात धरली. फोटो निघाला. त्यात मी खाली शिडी धरून उभा, म्हणजे माझा नुसता फेटाच दिसतोय. मग मोहनरावांनी शिडीवरूनच भाषण ठोकलं, "मंडळी! ही भेंडी न्हवं, ही आपल्या संस्थेच्या कामाची उंची हाय! संस्थेनं ओढ्याला पाणी आडवलं, जिरवलं, त्याचं हे फळ! या गावाला आता पाण्याची कमी न्हाई! खरं का न्हाई, उत्तरेश्वरराव?"

आता फेटा बांधल्यावर माणसाची मान आपोआप खालीवर होते. माझी झाली! गर्दीतून शहादेव ओरडला, "संस्थेचं पाणी? बे, ते तर माज्या आंघोळीचं हाय!" पण तेवढ्यात टाळ्या पडल्या. पहिली टाळी माझीच होती.

पेपरात फोटो आला आणि लगोलग टँकर यायचा बंद झाला!

आधी वाटलं, गाडी बिघडली असेल. मग तालुक्याहून निरोप आला, 'तुमच्या गावात मुबलक पाणी असल्याचे चेअरमनसाहेबांनी जाहीर केले आहे, सबब टँकरची गरज नाही.' गावात प्यायला पाणी राहिलं नाही. सकाळी दार उघडलं तर दारात रिकाम्या घागरींची रांग, आणि रांगेच्या टोकाला कंबरेवर हात ठेवून माझी चुलती, कौशल्याकाकू!

"भर," काकू म्हणाली.

"काय भरू?"

"घागरी भर! तूच मान हालवलीस न्हवं, गावाला पाणी हाय म्हनून? मग पिळ तुजी भेंडी आन् भर!"

"काकू, मी आत्ता तालुक्याला जातो, साहेबाला समजावून सांगतो."

"फेटा घरी ठिवून जा!"

गेलतो. साहेब, आठवतंय ना तुम्हाला? तुमच्या टेबलावर पेपर उघडाच होता. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत, फोटोवर बोट ठेवून म्हणालात, "हे काय आहे?"

"भेंडी हाय साहेब."

"एवढी उंच?"

"हो साहेब, शिडी लावावी लागती!" मी म्हणालो. आता कबूल करतो, हे जरा अभिमानानंच म्हणालो. जागा चुकली.

"टँकरच्या पाण्यावर एवढी भेंडी येत नसते. बोअर कुठं लपवलाय?"

"बोअर न्हाई साहेब, गल्ली आंघोळ करती त्याचं पाणी हाय!"

"अख्खी गल्ली तुमच्या घरी आंघोळ करते?"

"हो साहेब. तुमी आलात तर तुमचीपण सोय करतो!"

तुम्ही लाल झालात. मी मनापासून बोललो होतो हो! पण दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात खरे. आंघोळीला नव्हे, बोअर शोधायला! सोबत दोन शिपाई, हातात पहारी. माझं परस अख्खं उकरलंत! पाइप सापडेना. सापडला तो बाजेखालचा पत्रा.

"हे काय?"

"हेच तर सांगतोय साहेब! इथं माणूस बसतो, हितून पाणी जातं!"

"करून दाखवा."

आता आली का पंचाईत? आंघोळ करून दाखवायला पाणी पाहिजे, आणि पाणी तुम्ही बंद केलेलं! पाणी नाही हे सिद्ध करायला पाणी आणायचं कुठून? सगळं गाव भिंतीवरून वाकून बघत होतं. एवढ्यात शहादेवची नजर तुमच्या जीपकडं गेली. मागच्या सीटवर पाण्याचा जार! भरलेला! थंडगार, बाहेरून घाम आलेला!

"साहेब," मी म्हणालो, "तेवढा जार द्या. समद्या तालुक्याच्या देखत आंघोळ करून दाखवतो!"

तुम्ही मान हलवायच्या आत शहादेव सदरा काढून बाजेवर मांडी घालून बसला! टँकर बंद झाल्यापासून त्याच्या अंगाला पाणी नव्हतं. मी जार उपडा केला. काय ती धार! शहादेव डोळे मिटून म्हणाला, "आगाई गं!" पाणी बाजेतून पत्र्यावर, पत्र्यावरून सरीत! मी नाचायचाच बाकी होतो! "बगा साहेब! बगा! गेलं का न्हाई भेंडीला?"

पण भिंतीपलीकडं बोंब उठली. कौशल्याकाकू घमेलं घेऊन भिंतीवरून आत आली. या वयात कशी आली ते तिलाच ठाऊक! "आरं मुडद्या! प्यायचं पाणी त्या घोड्याच्या अंगावर घालतुस? घमेलं लाव! धर खाली!" तिच्या मागून बाया घुसल्या. कुणी शहादेवच्या खाली परात सरकवतंय, कुणी त्याचे केस तांब्यात पिळतंय! शहादेव ओरडतोय, "आगं पाट तर चोळू द्या!"

या गोंधळात, साहेब, तुम्ही काय केलंत? शांतपणे वाकलात. भेंडीच्या बुडाशी बोट घातलंत. बोटाला चिखल लागला. तो शिपायाला दाखवून म्हणालात, "जमिनीत ओल आहे. लिहून घ्या."

"आवं, ती तुमच्याच जारची ओल हाय!"

"ओल ती ओल. रस्त्यावरून जोपर्यंत ही भेंडी दिसतेय, तोपर्यंत टंचाई आहे असं मी वर कुठल्या तोंडानं कळवू?"

जीप गेली. बायांनी आपापल्या घागरी उचलल्या आणि निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! शहादेव पाठ पुसत म्हणाला, "भेंडी का गाव, ठरव बे आता."

सकाळी मी कोयता घेतला. भिवरा शिडी धरून उभी राहिली, सवयीनं. मी म्हणालो, "शिडी न्हाई लागत गं, बुडातून तोडायचीय." तिनं शिडी भिंतीला टेकवली आणि पदर पसरला, कोवळ्या भेंड्या तरी वाया जाऊ नयेत म्हणून. एकेक खोड वीतभर बुडखा ठेवून तोडलं. कडकड आवाज करत ती झाडं पडायची ना, बाभळीसुद्धा एवढा आवाज करत नसतील! अख्खं परस मोकळं झालं. रस्ता दिसायला लागला. मी पायरीवर बसलो. खोटं कशाला सांगू, डोळे भरले होते. त्या पाण्याची मात्र कुणी नोंद घेतली नाही.

आणि दुपारी टँकर आला!

मी उठलो तो तीरासारखा! त्यागाचं फळ! माझ्या भेंडीनं गावासाठी जीव दिला! पळत जाऊन टँकरवर हात ठेवून मी म्हणालो, "गावकऱ्यांनो, एका माणसानं..."

"सरका पावणं," ड्रायव्हर म्हणाला. "पाइप लावू द्या. लई उशीर झालाय. हुकूम कालच सांजच्याला निघाला, पण कड्यात माजं टायर पंक्चर झालं."

"काल सांजच्याला? आरं, मी तर आज सकाळी तोडली!"

"काय तोडली?"

मी कौशल्याकाकूकडं बघितलं. ती निवांत घागर भरत होती.

"कालच आमी समद्या मोहनरावाच्या बंगल्यावर गेलतो," ती म्हणाली. "म्हनलं, संस्थेचं पाणी हाय न्हवं, मग दे! त्याच्या हौदालाच घागरी लावल्या. हौद तळाला गेला तसा त्यानं सोताच फोन केला तालुक्याला. म्हनला, गावात थेंब न्हाई, टँकर धाडा, लई टंचाई हाय!"

"मग मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तितं फेटा बांधून शिडीवर चढला असतास!"

सगळा गाव हसला. शहादेव तर टँकरला टेकून हसला. मी घरी आलो. भिवरानं भेंडीची भाजी केली होती. पहिला घास बराच वेळ तोंडात फिरवला.

तर साहेब, आता ऐका. तुमच्या जारच्या पाण्यानं म्हणा, नाहीतर शहादेव पुन्हा बाजेवर बसायला लागला म्हणून म्हणा, माझ्या बुडख्यांना फुटवे आलेत! एकेका खोडाला चार-चार! गुडघ्याच्या वर गेलेत आणि रोज वर चाललेत. मी तर बाबा थांबवू शकत नाही. म्हणून सरळ विचारतो, गोलगोल उत्तर नको. प्यायचं पाणी मिळायचं असेल तर गरिबाची भेंडी किती उंच चालते? फुटात सांगा, इंचात सांगा, तुमच्या कंबरेएवढी की चेअरमनच्या, तेही सांगा! पण भेंडी भिंतीच्या वर जायच्या आत मला उत्तर पाहिजे!