घोड्यावर खिसा

सिगारेट कंपनीला चाळीस पोरांच्या छातीवरून हाकलायला मला एक दुपार आणि शिलाई मशीन पुरेल, असं मी आमच्या यांना ठणकावून सांगितलं. हे शाळेत खेळाचे मास्तर. शर्यतीसाठी कंपनीनं फुकट शर्ट दिले आणि हे ते हसत हसत घरी घेऊन आले! प्रत्येकाच्या छातीवर तळहाताएवढा सोनेरी घोडा, त्यांच्या सिगारेटच्या पाकिटावर असतो तोच. आमच्या तेरा वर्षांच्या धाकटीनं एक शर्ट अंगाला लावून आरशात पाहिलं, "कसला भारी घोडा आहे" म्हणाली, आणि माझं डोकंच फिरलं.

शर्ट परत करा म्हटलं, तर शर्यत उद्यावर आलीय, दुसरे कुठून आणू, हे यांचं रडगाणं. मग मी घोड्यावर खिसाच शिवायचा ठरवला. बावीस वर्षं शिवणकाम करतेय. कापडावर डाग निघाला की वर खिसा लावायचा, गिऱ्हाईक खूश. दिवेलागणीपर्यंत चाळीस खिसे लावले. पाठ धरली, पण घोडा झाकला.

सकाळी मैदानावर पोरांनी शर्ट घातले. आता खिसा म्हटला की पोरांचा हात आत जाणार, आणि हातामागून डोळा. एकाला आत घोडा सापडला. झालं! चाळीस पोरं एक डोळा मिटून एकमेकांच्या खिशात डोकावू लागली. एरवी ज्याच्याकडे कुणी दोनदा पाहिलं नसतं, त्या घोड्याचं रांगेत दर्शन सुरू झालं.

कंपनीचा माणूस फोटोवाल्याला घेऊन हजर होता. शाळेजवळच्या दुकानांत हे फोटो लागणार होते. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "वहिनी, काय डोकं आहे तुमचं! पुढच्या वर्षी आम्हीच खिसे लावून देतो."

मी यांच्या गळ्यातली शिट्टी ओढून जोरात फुंकली.

"शर्ट उलटे घालून या. जो घालणार नाही, तो धावणार नाही."

मुली वर्गात पळाल्या, मुलांनी जागच्या जागी शर्ट फिरवले. पाच मिनिटांत मैदानावर नुसत्या शिवणी आणि लोंबणारे दोरे. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

कंपनीवाल्याचं तोंड उतरलं, पण गडी हटेना. निदान मास्तरांना मधे घेऊन एक फोटो काढू म्हणाला. फोटो म्हटल्यावर यांनी ऐटीत जाकीट काढलं. आत कंपनीनं खास मास्तरांसाठी सकाळीच दिलेला शर्ट, आणि त्यावर ताटाएवढा घोडा!

सुई-दोरा काढायला वेळ कुठला? मी पदर खोचला आणि धावले.

कंपनीनं तो फोटो घेतला नाही. शाळेनं घेतला, मोठा करून दर्शनी फलकावर लावला. उलट्या शर्टांतली चाळीस पोरं, मधे मास्तर, आणि त्यांच्या छातीला घट्ट मिठी मारून डोळे मिटलेली मी. घोड्याचं शेपूटसुद्धा दिसत नाही.

नणंद मुद्दाम जाऊन पाहून आली. "वहिनी, एवढं प्रेम घरात मावत नाही का?" म्हणाली.

आणि आमचे हे? रोज मधल्या सुट्टीत फलकापाशी जाऊन उभे राहतात म्हणे.