निरोप अडवणारे वाघमारे सर

आमच्या वारज्याच्या सोसायटीत सेक्रेटरी लेले यांचा आदेश वॉचमनच्या तोंडी निघतो आणि वाघमारे सरांपाशी संपतो. ग्रुपवर भांडणं होतात म्हणून लेले सगळं तोंडीच कळवतात. "प्लंबरला सांग, बागेचं पाणी बंद कर." वॉचमन निघतो. वाटेत सर उभे. "काय बिराजदार, यंदा तुमच्या गावच्या कुस्त्यांत कोण जिंकलं?" संपलं! अर्धा तास बिराजदार डाव समजावतो, प्लंबर घरी जातो, बाग हिरवीगार.

"लेल्यांना मी बोट तरी लावलं का?" सर म्हणतात. "मूळ तसंच राहू द्या. निरोप अडवा!"

सर एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. उभा जन्म अँटिसेन्स रेणूंवर घालवला. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला लिफ्टपाशी धरून ते शिकवतात. मला इतक्यांदा शिकवलंय की आता झोपेतही सांगेन. "अहो पाटील, जीन म्हणजे लेले. पेशीच्या केंद्रकात बसून राहणार. आदेश आरएनए नावाच्या निरोप्याकडून बाहेर जातो, तो वाचून प्रथिन बनतं. आपण त्या निरोप्याला जुळणारा उलटा तुकडा सोडायचा. तो चिकटला की निरोप वाचताच येत नाही. कधी पेशीतलं विकर, म्हणजे एन्झाइम, येऊन निरोपच कापून टाकतं. पण जुळणी अचूक हवी! बिराजदारला क्रिकेट विचारून चालेल का?"

"नाही सर," मी म्हणतो. दुसरं काय म्हणणार? लिफ्टचं दार त्यांच्या पायाने अडलेलं असतं.

हे वेड कुठून आलं, ते मला उशिरा कळलं. त्यांच्या पत्नी एका आनुवंशिक आजाराने गेल्या. हातपाय आपोआप हलायचे, शेवटी घासही गिळवेना. एक जीन चुकीचं प्रथिन बनवत होता. त्याचा निरोप अडवणारं औषध सर शोधत होते. ते काही हाती लागलं नाही. मुलात, अमोलमध्ये, तो जीन असण्याची शक्यता निम्मी. अमोल खराडीला असतो. इतकी वर्षं तपासणी टाळून गेल्या महिन्यात त्याने रक्त दिलं.

परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, रिपोर्ट आला. आईचाच आजार आहे. बाबांना फोनवर सांगायला जमत नाहीये. मी निघालोय, पण पोचायच्या आत त्यांना कळलेलं असू दे. सांगाल?"

असलं काम माझ्याच वाट्याला का येतं, असं मनात म्हणत मी बेल वाजवली. सरांनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मनगट धरून मला आत बसवलं.

"सर, अमोलचा..."

"तुमच्या ऑफिसची हिंजवडीची बस आज कुठे अडकली हो?"

हा प्रश्न त्यांनी मला आजवर कधीच विचारला नव्हता. घरचे तर ऐकूनच घेत नाहीत. मी नको नको म्हणत सुरू झालो. सिग्नल, खड्डे, पुलाखालची कोंडी, उलट्या बाजूने घुसणारे दुचाकीवाले. बोलता बोलता लक्षात आलं, सरांनी मनगट सोडलेलंच नाही, आणि त्यांचा हात गार पडलाय. मी थांबलो.

"कळलंय मला, पाटील," ते हळूच म्हणाले. "पण तुम्ही उच्चारू नका. उच्चारलंत तर रडेन मी. पोरगं दारात येईल तेव्हा मला त्याला हसून आत घ्यायचंय."

मी आमची बस पुन्हा पुलाखाली नेऊन अडकवली, आणि बोलत राहिलो.